नोव्हेंबरच्या मचाणाची तयारी (डबी आधी खिशात घाला)

धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीला जायचं तर लायसन, धनुष्य, बाण, पाणी, डबा. हे कोणी विसरत नाही, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. हंटर एज्युकेशनचा कोर्स केला नसेल तर तो आधी करा. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला इथे, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, तो सक्तीचा आहे. आणि गावाकडून काका विचारतीलच, म्हणून आताच सांगून ठेवतो: भारतात १९७२च्या कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, इथे कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला आहे, आणि मांस आम्ही खातो.

आता मुद्द्याची वस्तू. मिल्कवीड नावाचं रोप इथे रस्त्याकडेला, कुंपणाच्या कडेने माजलेलं असतं. आपल्या रुईच्या कुळातलं. पान तोडलं की तसाच पांढरा चीक येतो. त्याची बोंडं सप्टेंबर-ऑक्टोबरात तडकायला लागतात आणि आतून निघतात त्याच त्या म्हाताऱ्या, ज्यांच्यामागे आपण लहानपणी धावलो. बोंडं तडकायच्या बेतात असतानाच सात-आठ तोडून आणा. घरात सुकवा, बिया काढून टाका, आणि कापूस गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरा. डबी जाकिटाच्या छातीवरच्या खिशात. पाठपिशवीत नको. गाडीत तर मुळीच नको. मागच्या खेपेला माझी गाडीत राहिली, पाण्याची बाटली ठेवतात त्या खाचेत, मचाणापासून दीड किलोमीटरवर.

एवढ्याशा कापसाचं काय मोठं, असं मलाही झाडावर चढल्यावर वाटलं होतं. त्याचं काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

आम्ही जातो तो भाग राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातला, ज्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्या नाहीत, म्हणून जमीन सपाट झाली नाही: डोंगराच्या धारा, त्यांच्या सोंडा, मधे खोल घळी, माथ्यावर आणि तळाशी मका-सोयाबीन, उतारावर ओक. व्हाइटटेल हरणांच्या माद्या रात्री शेतात चरतात आणि उजाडताना उताराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, गचपणात येऊन बसतात. पाठीमागून डोंगर ओलांडून येणारा वारा, समोर खालचं सगळं दिसतंय. पाठीचं राखायला नाक, पुढचं राखायला डोळे.

माजाच्या दिवसांत मोठा नर त्या गचपणात शिरून एकेक मादी हुंगत बसत नाही. तो वाऱ्याच्या खालच्या अंगाने एक फेरी मारतो. वारा सगळ्या माद्यांचा वास एकदम त्याच्या नाकाशी आणून देतो. तुमचं मचाण त्या फेरीच्या वाटेवर टप्प्यात हवं, पण तुमचा वास त्या वाटेच्या पलीकडे, जिथे त्याला चालायचं कारणच नाही अशा ठिकाणी पडायला हवा: तुटलेली कडा, उघडं शेत, ओढ्याचं पात्र. थोडक्यात, वारा त्याला जवळजवळ सोयीचा वाटला पाहिजे. पूर्ण तुमच्या सोयीच्या वाऱ्यात मोठा नर येत नाही. त्या "जवळजवळ"मध्येच सगळा घोळ आहे, आणि तो फोनवर दिसत नाही.

त्या दिवशी फोन सांगत होता वायव्येचा वारा. गालालाही वायव्येचाच लागत होता. मी आग्नेय उतारावर, माद्यांच्या गचपणाखाली एक नैसर्गिक पायरी आहे, तिच्या खालच्या कडेला बसलो होतो. वास पुढे दरीवरून निघून जाईल असा हिशेब. पहाटे तो बरोबरच होता, कारण गार हवा जड असते, उतारावरून खाली घरंगळते. पण आग्नेय उताराला ऊन आधी लागतं. सव्वानऊला खडक तापले, हवा वर चढायला लागली, शिवाय डोंगराआड वारा गरकन उलटा फिरतोच. माझा वास जिन्याने चढावा तसा थेट पायरीवर आणि तिथून गचपणात. आधी माद्यांचा फुत्कार आला. मग साठ पावलांवर, ओकच्या दोन बुंध्यांमध्ये, तो दिसला. मान छातीत मिसळलेली, पोट लोंबलेलं, नाक वर. दोन क्षण. मग गेला, धावतसुद्धा नाही, नुसता वळून चालत.

एक म्हातारी सोडली असती तर हवा वर चढायला लागताच कळलं असतं. पावडरची पिचकारी मिळते दुकानात, ती दोन-तीन हातांवर विरून जाते. तुमच्या नाकाजवळचा वारा तुम्हाला माहीतच असतो. म्हातारी चाळीस-पन्नास पावलं डोळ्यांना दिसत राहते. पुढे गेलेली म्हातारी अचानक वर चढून तुमच्याच डोक्यावरून मागे निघाली, की मुकाट खाली उतरायचं. म्हणून डबी. छातीवरच्या खिशात. गाडीतून उतरल्यावर दार लावण्याआधी खिसा चाचपा. मग झाडाखाली पुन्हा चाचपा.

बाकीचं. तारखा: माज दिवस लहान होण्याशी बांधलेला असतो, थंडीशी नाही. दरवर्षी तेच आठवडे. ऑक्टोबरअखेर शिंगं घासलेली झाडं आणि खुरांनी उकरलेली माती दिसते, नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस नर भटकतात, मग माजावर आलेल्या एकेका मादीला धरून दिवस-दोन दिवस एखाद्या बेटात बसून राहतात आणि जंगल एकदम रिकामं वाटतं. रजा टाकायची तर पहिल्या दहा-बारा दिवसांत टाका. ऊबदार दिवशी माज थांबत नाही, पण दिवसाची हालचाल घटते. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, हे लक्षात ठेवा. शिकारीच्या वेळेचं अधिकृत कोष्टक बघा, अंदाजाने चालू नका.

दिवाळी कधीकधी नेमकी याच आठवड्यात येते. २०२३मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. उटणं, सुगंधी तेल, मोती साबण: जंगलातून परत आल्यावर. शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन झाकणाच्या मोठ्या डब्यात, गॅरेजमध्ये. स्वयंपाकघराजवळच्या कपाटात लटकवलेल्या जाकिटाला हिंगाची फोडणी लागते आणि ती हरणाला तुमच्याआधी पोचते. अर्थात हे सगळं करूनही माणसाचा वास जात नाही. कपडे धुतले म्हणून वाऱ्याकडे दुर्लक्ष करणारे लोक मी पाहिलेत. आरशात.

फराळातली चकली नेऊ नका. हसू नका, थंड स्तब्ध सकाळी ती कडाड वाजते. थेपला, मऊ लाडू, केळं चालेल. दिवसभर बसायचं आहे, कारण मोठे नर दहा ते दोनमध्येही फिरतात आणि नेमके तेव्हाच बाकीचे जेवायला उतरतात. लघवीसाठी रुंद तोंडाची बाटली.

लोकरीचा आतला थर, हातमोजे, माकडटोपी. जाड जाकीट घालून चालू नका, पाठीवर न्या. घाम आला की तासाभरात कुडकुडाल आणि वास येईल तो वेगळाच.

मचाण. झाडावर चढताना कमरेचा दोर, बसल्यावर हार्नेस (अंगाला आवळायचे सुरक्षेचे पट्टे), जमिनीवरून पाय सुटल्यापासून परत टेकेपर्यंत झाडाला बांधलेले असायला हवं. हार्नेसमध्ये लटकून राहिलात तर पायातलं रक्त अडतं, म्हणून पाय टेकवायचा पट्टा हाताशी ठेवा. धनुष्य दोरीने मागाहून वर ओढा, हातात घेऊन चढू नका. दक्षिणेकडच्या सरकारी जमिनीवर मचाण रोजच्या रोज काढून न्यावं लागतं, झाडाला स्क्रू ठोकता येत नाहीत. त्यामुळे हलकं, न खडखडणारं मचाण घ्या आणि घराच्या मागच्या झाडावर अंधारात बांधायचा सराव करा. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी हवीच.

जाण्याची वाट मचाणाइतकीच महत्त्वाची. शेत ओलांडू नका, रात्री सगळं बिऱ्हाड तिथेच चरत असतं. ओढ्याच्या पात्रातून जा. उजाडण्याआधी निदान एक तास वर बसलेले असा, नाहीतर परतणाऱ्या माद्यांशी वाटेतच गाठ पडेल आणि ती जागा निदान त्या दिवसापुरती संपली. बसल्या बसल्या पहिली म्हातारी सोडा. ऊन लागल्यावर दुसरी. मग दर अर्ध्या तासाला. डबी आहे ना?

नराचं वय शिंगांवरून ठरवू नका. अंगावरून ठरवा: पाय आखूड वाटतात, पाठ-पोट झोल खाल्लेलं, मान कुठे संपते ते कळत नाही, मागच्या पायांच्या सांध्यांवरचे ठिपके काळेकुट्ट. शंका आली तर जाऊ द्या.

बाण. चालत्या नराला तोंडाने हलकंच "म्यॅ" करून थांबवा. आडवा उभा असेल किंवा थोडा पाठमोरा असेल तरच, खांद्यामागे, आणि सरावात जितकं अंतर नक्की जमतं तितक्यातच. बाण सोडल्यावर उड्या मारत खाली उतरू नका. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, चार-सहा तास. हिरवट, घाण वास म्हणजे पोट, आठ-बारा तास, रात्र झाली तरी. लवकर मागे गेलात तर तो उठून मैलभर जाईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

पुढचं भराभर. टॉर्च, धारदार चाकू, रबरी हातमोजे, ओढायचा दोर, मदतीला एक मित्र ज्याची पाठ शाबूत आहे. आतडी तिथेच काढा, मांस लवकर गार करा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी, फोनवर होते. सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा हरणांच्या मेंदूचा रोग या राज्यात २००२मध्ये सापडला आणि हा कोपरा त्यात येतो; तपासणीला नमुना द्या, फुकट आहे, आणि निकाल येईपर्यंत खाऊ नका. सदोष निघालं तर टाकून द्या. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, त्या दिवसांत धनुष्यवाल्यांनीही भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी घालायचं.

फ्रीझरमध्ये जागा आधी करून ठेवा, फराळाचे डबे हलवायला घरात कोणी तयार होत नाही. आणखी काही असेल ते मचाणावर आठवेल. गाडीची किल्ली घेण्याआधी डबी.