फिलेमोनाचे पत्र समोर ठेवून मध्यस्थी कशी करावी

बायबलच्या नव्या करारात तीताच्या पत्रानंतर आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राआधी अवघ्या 25 वचनांचे एक पत्र येते. पाने उलटताना ते सहज निसटते, आणि उपासनेत त्यावर संदेशही क्वचितच ऐकायला मिळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने ते बंदिवासातून फिलेमोनाला लिहिले. फिलेमोनाच्या घरी मंडळी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय, जमत असे. त्याचा दास अनेसिम त्याच्यापासून दुरावला, पौलाची गाठ पडून विश्वासी झाला आणि आता धन्याच्या दारी परत निघाला आहे. मंडळीत किंवा नात्यात दोघांमधला दुरावा मिटवण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याने बोलणी सुरू करण्यापूर्वी हे पत्र समोर घेऊन बसावे. कारण मध्यस्थाने काय बोलावे याहूनही त्याने स्वतः काय झळ सोसावी, हे त्यात अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचावे. त्याला चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांवर वेगवेगळ्या खुणा कराव्यात. आजच्या इंग्रजीत हा भेद झाकला जातो, मराठीत तो पानावरच असतो. अभिवादन फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प आणि घरातील मंडळी अशा सर्वांना आहे. चौथ्या वचनापासून पौल एकट्या फिलेमोनाशी ‘तू’ म्हणून बोलू लागतो. शेवटी प्रार्थनेचा आणि आशीर्वादाचा विषय निघतो तेव्हा पुन्हा ‘तुम्ही’ येते. म्हणजे निर्णय एकट्या फिलेमोनाचा आहे, परंतु तो मंडळीच्या देखत व्हायचा आहे. आपणही ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्याशीच थेट बोलावे, मात्र ते बोलणे चार विश्वासू माणसांपासून लपवू नये.

तिसऱ्या वाचनात 7, 12 आणि 20 ही तीन वचने शेजारी ठेवावीत. मूळ ग्रीक भाषेत या तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ आतडी असा होतो. आपण ‘आतडे तुटते’ म्हणतो तेव्हा जे सुचवतो, तेच येथे आहे. फिलेमोनामुळे पवित्र जनांच्या, म्हणजे विश्वासी लोकांच्या, आतड्याला विसावा मिळाला आहे, अनेसिम म्हणजे पौलाचे आतडेच आहे, आणि आता पौलाच्या आतड्यालाही विसावा हवा आहे. सातव्या वचनातील स्तुती ही गोड बोलून काम साधण्याची युक्ती नाही. फिलेमोनाने जे चांगुलपण इतरांना दाखवले, तेच त्याने याही माणसाला दाखवावे, एवढीच मागणी त्या स्तुतीतून उभी राहते. म्हणून बोलणीच्या आदल्या दिवशी दुखावलेल्या व्यक्तीने केलेल्या दोन-तीन खऱ्या चांगल्या गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या आठवत नसतील, तर मध्यस्थी करण्याइतकी आपली ओळख नाही असे समजून दुसऱ्या कोणाला तरी पुढे करावे.

हकिकत मांडताना पौलाचा ‘जर’ लक्षात ठेवावा. अनेसिमाने चोरी केली असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात, पण पत्रात एवढेच आहे की त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर. पंधराव्या वचनातही, तो थोडा काळ दुरावला तो कायमचा परत मिळावा म्हणून असेल, हे पौल ‘कदाचित’ म्हणूनच सांगतो. दुखावलेल्या माणसाला ‘ही देवाचीच योजना होती’ असे बजावणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते नेमके त्याची जखम ताजी असताना येतात. प्रेषितानेही जेथे ‘कदाचित’ वापरला, तेथे आपण छातीठोकपणे बोलू नये.

आज्ञा करण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे पौल आठव्या वचनात सांगतो आणि तो लगेच बाजूला ठेवतो. त्याऐवजी म्हातारा आणि ख्रिस्त येशूचा बंदिवान या नात्याने तो विनंती करतो. फिलेमोनाचे चांगुलपण जुलमाचे नसावे, राजीखुशीचे असावे, हे कारण तो चौदाव्या वचनात देतो. पाळक किंवा घरातील वडीलधारी व्यक्ती यांनी येथे विशेष जपावे, कारण त्यांच्यापुढे माणसे मान डोलावतात आणि घरी जाऊन अबोला धरतात. तरीही पौलाच्या पत्रात दाब अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही: तू स्वतःच माझा ऋणी आहेस हे मी काढत नाही, असे म्हणत म्हणत तो ते काढतोच. ही कोटी त्यालाच शोभते. आपण तिची नक्कल करू नये.

या पत्राचा कणा 18 व्या आणि 19 व्या वचनांत आहे. ‘ते माझ्या हिशेबी मांड’ असे पौल म्हणतो, आणि पुढे, हे मी पौल आपल्या हाताने लिहितो, मी फेडीन, अशी जणू सही करून देतो. मूळ शब्द हिशेबाच्या वहीतला आहे. काही वर्षांपूर्वी दोन घरांमधील उसनवारीच्या वादात मी मध्यस्थ होतो. मुलीच्या लग्नासाठी घेतलेले 40,000 रुपये परत आले नव्हते आणि घेणाऱ्याने उपासनेला येणे सोडले होते. मी क्षमेवर अर्धा तास बोललो, प्रार्थना झाली, दोघांनी हात मिळवले, आणि चहावर साय धरत असताना ज्याचे पैसे अडकले होते त्याने हळूच विचारले, “मग माझ्या पैशांचे काय?” माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि तो समेट महिनाभरही टिकला नाही. त्यामुळे बोलणीला बसण्यापूर्वीच देण्याचा नेमका आकडा दोघांकडून लिहून घ्यावा, हप्ते ठरवावेत, आणि त्यांतील एखादा हप्ता आपण स्वतः किंवा मंडळीच्या साहाय्य निधीतून भरण्याची तयारी आहे का, याचा निर्णय आधी करावा. नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे.

एक धोका मात्र ओळखून असावे. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी हेच पत्र पुढे करून पळालेल्या गुलामांना मालकाकडे परत धाडणे धर्माला धरून आहे, असे सांगितले. सोळाव्या वचनात पौल अनेसिमाला दास म्हणून नव्हे, तर दासापेक्षा श्रेष्ठ, प्रिय बंधू म्हणून स्वीकारण्यास सांगतो, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले. मारहाण होणाऱ्या सुनेला किंवा वेठीला धरलेल्या मजुराला ‘परत जा’ म्हणण्यासाठी या पत्राचा आधार घेणे हा त्याच जातीचा अन्याय आहे. अशा वेळी आधी त्या व्यक्तीची सुरक्षितता आणि कायद्याची मदत पाहावी.

जेथे परत जाणे योग्य आहे, तेथेही एकट्याला धाडू नये. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाचा सहकारी तुखिक याच्याबरोबर अनेसिमाला पाठवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे दारात पाऊल टाकताना त्याच्या शेजारी ओळखीचा माणूस उभा होता. पहिल्या भेटीला आपणही सोबत जावे, मात्र उंबरठा ओलांडल्यावर बोलणे त्या दोघांना करू द्यावे.

बाविसाव्या वचनात पौल फिलेमोनाला आपल्यासाठी उतरण्याची खोली तयार ठेवायला सांगतो. या निरोपात प्रेम आहे आणि थोडी देखरेखही आहे: म्हातारा स्वतः येऊन पाहणार आहे की अनेसिम घरात कोठे बसतो. समेट झाला त्याच बैठकीत आपल्या पुढच्या भेटीची तारीख ठरवावी, ती महिन्याभराच्या आत असावी, आणि त्या दिवशी जेवायला थांबावे. ताटे कोण वाढतो आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, हे पाहिल्यावर पुढे किती काम उरले आहे ते कळते.