छंदमंडळासाठी घरी बनवलेल्या गाड्यांची उतारशर्यत कशी भरवावी

छंदमंडळात छोट्या गाड्यांची शर्यत भरवायची ठरली की प्रथम गाडी कशावर धावणार, याचा निर्णय करावा लागतो. मोटर आणि सेल बसवलेल्या गाड्यांत निकाल बऱ्याच अंशी विकत घेतलेल्या मोटरीवर अवलंबून राहतो. म्हणून सभासदांच्या हातातील कसब पाहायचे असेल, तर लाकडाचा ठोकळा कोरून बनवलेल्या आणि केवळ उतारावरून आपल्या वजनाने धावणाऱ्या गाड्या निवडाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथे डॉन मर्फी यांनी 1953 साली लहान स्काउट मुलांसाठी अशीच शर्यत सुरू केली. तिच्या प्रचलित नियमांतील 5 औंस वजन आणि 7 इंच लांबी ही मापे थोडी सोपी करून आपल्यालाही वापरता येतात.

नियम लाकूड वाटण्यापूर्वीच लेखी द्यावेत, कारण गाडी तयार झाल्यावर बदललेला नियम कोणाला ना कोणाला अन्यायकारक ठरतोच. गाडीचे एकूण वजन जास्तीत जास्त 140 ग्रॅम, लांबी 18 सेंटिमीटर आणि चाकांसह रुंदी 7 सेंटिमीटर ठेवावी. धावपट्टीच्या प्रत्येक मार्गिकेच्या मध्यभागी 40 मिलिमीटर रुंद आणि 6 मिलिमीटर जाड अशी पट्टी असते व गाडीची चाके तिच्या दोन्ही बाजूंनी धावतात. त्यामुळे समोरासमोरच्या चाकांमध्ये आतून किमान 45 मिलिमीटर आणि गाडीच्या पोटाखाली किमान 10 मिलिमीटर मोकळी जागा असलीच पाहिजे. चाके आणि आस मंडळाने एकाच दुकानातून, एकाच प्रकारचे आणून सर्वांना सारखे वाटावेत. बाटल्यांच्या झाकणांची चाके शिकण्यासाठी उत्तम, परंतु त्यांच्या बरोबर मध्यावर भोक पाडणे अवघड असते आणि शर्यतीत त्या डगमगीचाच निकाल लागतो. गाडीचा आकार, रंग आणि वजनाची मांडणी मात्र पूर्णपणे बनवणाऱ्यावर सोपवावी.

ज्यांच्या घरी करवत, ड्रिल किंवा कानस नाही, त्यांच्यासाठी शर्यतीच्या दोन आठवडे आधी एक कार्यशाळा ठेवावी. तिथे लाकूड कापण्याचे आणि भोके पाडण्याचे काम मोठ्यांनी करावे, तर घासण्याचे व रंगवण्याचे काम मुलांवर सोडावे. वजन वाढवण्यासाठी लोखंडी नट आणि वॉशर वापरावेत. शिसे विषारी असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये. याच कार्यशाळेत गाडीचा वेग कशाने वाढतो, हेही समजावून सांगितले, तर नवख्या सभासदांची गाडीही मागे पडत नाही. दोन्ही आस एकमेकांना समांतर आणि गाडीच्या लांबीशी काटकोनात असणे सर्वांत महत्त्वाचे आहे. सपाट टेबलावर हलकेच ढकललेली गाडी एका मीटरच्या आत बाजूला वळत असेल, तर ती शर्यतीत मधल्या पट्टीला घासत जाईल. आस बारीक काचपेपरने गुळगुळीत करून तिच्यावर पेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्रॅफाइटची, भुकटी लावावी. तेल लावू देऊ नये, कारण त्यावर धूळ बसते आणि पट्टीही खराब होते. वजन मागच्या आसाच्या किंचित पुढे ठेवल्यास फायदा होतो, कारण उतारावर उभ्या असलेल्या गाडीचा मागचा भाग अधिक उंचावर असतो आणि तेथील वजनाला खाली येण्यासाठी अधिक उंची मिळते. मात्र ते फार मागे नेले, तर पुढची चाके उचलली जातात आणि गाडी पट्टीवरून उतरते.

आता धावपट्टी. इथे कसूर झाली, तर बाकीची सारी मेहनत वाया जाते, म्हणून शक्य असल्यास सुताराची मदत घ्यावी. बाजारात मिळणारे 8 फूट बाय 4 फुटांचे प्लायवूड उभे कापून 2 फूट रुंदीचे तुकडे केले की त्यावर प्रत्येकी सुमारे 20 सेंटिमीटरच्या तीन मार्गिका बसतात. सर्वांत वर 12 मिलिमीटर जाडीचा 4 फूट लांब तुकडा 30 अंशांच्या उतारावर ठेवावा. त्याच्यापुढे 6 मिलिमीटर जाडीचा 8 फूट लांब तुकडा खालून कमानीच्या आधारांवर वाकवून हळूहळू सपाट करत न्यावा आणि नंतर 8 फुटांचे दोन सपाट तुकडे जोडावेत. अशा 28 फुटांच्या पट्टीचे वरचे टोक जमिनीपासून सुमारे 4 फुटांवर येते, म्हणजे मुलांनाही ते पाहता येते. वाकलेला भाग वगळून उतार थेट सपाट पट्टीला जोडला, तर गाडीचे नाक त्या कोनात आपटते. प्रत्येक सांध्यावर पुढचा तुकडा मागच्यापेक्षा केसभरही वर नसावा, आणि पट्टी आडव्या दिशेने समपातळीत आहे की नाही, हे दर तुकड्यावर पाणसळ ठेवून पाहावे. अंतिम रेषेपलीकडे जाड फोम किंवा घडी केलेली गोधडी ठेवावी. प्लायवूड दमट हवेत फुगते व वाकते, त्यामुळे, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, ही शर्यत पावसाळ्यात न भरवता डिसेंबर ते फेब्रुवारीत भरवणे बरे.

गाड्या हाताने सोडू नयेत. प्रत्येक मार्गिकेत एक खुंटी असलेली आडवी दांडी बिजागरीवर बसवून ती रबराच्या ताणाने पुढच्या बाजूला आणि झटक्यात खाली पडेल अशी करावी, म्हणजे तिन्ही गाड्या एकाच क्षणी सुटतात. अंतिम रेषेवर स्टॉपवॉचचा उपयोग नाही. खाली आलेली गाडी सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगाने जाते, आणि माणसाचा हात बटण दाबेपर्यंत एक पंचमांश सेकंद उलटला, तर तेवढ्यात ती 80 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. त्याऐवजी अंतिम रेषेच्या अगदी बाजूला स्टँडवर मोबाइल ठेवून सेकंदाला 240 चौकटींचे संथ चित्रीकरण करावे. तेव्हा दोन चौकटींच्या दरम्यान गाडी दीड-पावणेदोन सेंटिमीटरच सरकते आणि क्रम निःसंदिग्धपणे सांगता येतो.

कितीही काळजी घेतली, तरी तिन्ही मार्गिका सारख्या वेगाच्या होत नाहीत. म्हणून बाद पद्धत टाळावी आणि प्रत्येक गाडीला प्रत्येक मार्गिकेवर एकेकदा धावू द्यावे. बारा गाड्या असतील, तर बारा फेऱ्यांचे वेळापत्रक सहज बनते: पहिल्या फेरीत तीन मार्गिकांवर अनुक्रमे 1, 2 आणि 4 क्रमांकाच्या गाड्या, दुसरीत 2, 3 आणि 5, तिसरीत 3, 4 आणि 6, असे पुढे सरकत बाराव्या फेरीत 12, 1 आणि 3. या मांडणीत कोणत्याही दोन गाड्या एकापेक्षा अधिक वेळा समोरासमोर येत नाहीत. गाड्या सातच असतील, तर सात फेऱ्यांत प्रत्येक गाडी इतर प्रत्येकीशी नेमकी एकदा धावते, ही या रचनेची मला फार आवडणारी गोष्ट आहे. पहिल्या क्रमांकाला 1, दुसऱ्याला 2 आणि तिसऱ्याला 3 गुण द्यावेत. सर्वांत कमी बेरीज असलेली गाडी विजयी. बरोबरी झाल्यास त्याच गाड्यांना मार्गिका बदलून पुन्हा धाववावे.

शर्यतीच्या दिवशी स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर सर्वांसमोर वजने करावीत आणि जास्त भरलेल्या गाडीला तिथेच वजन कमी करण्याची संधी द्यावी. तपासणी पूर्ण झालेली गाडी वेगळ्या टेबलावर ठेवावी. त्यानंतर ती मालकाने न हाताळता स्वयंसेवकानेच पट्टीवर न्यावी. चाक निखळले, तर दुरुस्तीला तीन मिनिटे द्यावीत. मुले आणि प्रौढ यांचे गट वेगळे ठेवावेत, आणि सुबक कामासाठी एक स्वतंत्र बक्षीस अवश्य असावे. प्रत्येक फेरीचा निकाल मार्गिकेसह वहीत लिहावा, कारण एखाद्याच मार्गिकेवर सतत तिसरा क्रमांक येत असेल, तर पुढच्या वर्षी नेमका कोणता सांधा घासून घ्यायचा, ते त्या वहीवरूनच कळते.