नागपुरात रस्त्यावर अपघात दिसला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं

वर्धा रोड असो की कामठी रोड, अपघात झाला की मिनिटभरात गर्दी जमते. दोघं जखमीला पाणी पाजायला बघतात, दोघं हातपाय धरून ऑटोत कोंबतात. दोन्ही चूक. जगातले दहापैकी नऊ रस्ते-मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. त्यातले कितीतरी जण दवाखान्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

1. आधी स्वतःला वाचवा
रात्री आउटर रिंगरोडवर मदतीला धावलेलाच मागून येणाऱ्या ट्रकखाली सापडू शकतो. एकाला बऱ्याच मागे, रस्त्याच्या कडेला उभं करून मोबाइलचा टॉर्च हलवायला सांगा.

2. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा
"कोणीतरी फोन करा" म्हटलं की कोणीच करत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगा, "दादा, तुम्ही लावा." जागा नेमकी सांगा: मेट्रोच्या खांबावरचा नंबर, किलोमीटरचा दगड, पेट्रोल पंप. जखमी किती आणि शुद्धीवर कोण, हेही सांगा. पोलिसांना 112 वर कळवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 सुद्धा चालतो.

3. रक्त थांबवा
उन्हाळ्यात नागपुरात दर दुसऱ्या माणसाच्या डोक्याला दुपट्टा असतो, तो कामी येतो. घडी करून जखमेवर ठेवा, तळहाताने जोरात दाबा आणि सोडू नका. दर मिनिटाला उचलून बघाल तर जमलेली गुठळी सुटेल. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. रुतलेली काच किंवा सळई ओढू नका, तिनेच आतलं रक्त अडवलेलं असू शकतं; तिच्या बाजूंनी दाबा. हळद, कॉफी, कसलीही पूड नको.

4. श्वास आणि मान
बेशुद्ध माणसाच्या तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी त्याला एकदम कुशीवर वळवा. हेल्मेट काढू नका. श्वासच अडत असेल तर एकाने मान धरायची, दुसऱ्याने हळू सोडवायचं. श्वास थांबलाच तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाचेक सेंटीमीटर खोल दाबत राहा. पाणी, चहा काही नको: ते फुफ्फुसात जाऊ शकतं आणि ऑपरेशनच्या वेळी भूल देणं अवघड होतं. मे महिन्यातलं डांबर कातडी भाजतं. हलवता येत नसेल तर निदान सावली धरा.

5. न्यायचं कुठे
माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅन, न्यूरोसर्जन आणि रक्तपेढी एकाच ठिकाणी हवी. छोट्या नर्सिंग होममधून "पुढे न्या" ऐकण्यात तास निघून जातो. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, ट्रॉमा सेंटर (गंभीर जखमींसाठीचा विभाग) आहे. कामठी रोडकडून मेयो हे सरकारी रुग्णालय, मिहानच्या बाजूने एम्स जवळ पडतं. 108 मध्ये डॉक्टर असतात, त्यांचं ऐका. रक्त थांबतच नसेल किंवा श्वास अडला असेल तर मात्र जवळचं दार गाठा. 108 ची गाडी आलीच नाही तर ऑटोपेक्षा मागे आडवं झोपवता येईल असा पिकअप बरा.

6. पोलीस आणि पैसे
2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातलं कलम 134-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही. तातडीचा उपचार नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. मे 2025 पासून केंद्राच्या कॅशलेस योजनेत, ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार मिळतो. कॅज्युअल्टीत तसं विचारा.

आणि एक, जो उठून कपडे झटकतो, "काही नाही झालं" म्हणत गाडीला किक मारतो, त्याला एकटं सोडू नका. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचू शकतं, माणूस काही तास बरा बोलतो. घरच्यांना फोन करून सांगा: चोवीस तासांत उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गडबड दिसली तर सकाळची वाट न पाहता सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्या.