बेळगावहून अ‍ॅरिझोनाला शिकायला जायलाय? मग आधी घर बघा, बाकीचं नंतर

आपल्या पट्ट्यातलं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचं कुणाचं ना कुणाचं फिनिक्सजवळ टेम्पेला एएसयूत (अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत) अ‍ॅडमिशन झालेलं असतंयच. मग सगळे विचारतात व्हिसा कसा, लोन कुठनं, पार्टटाइम मिळतंय का. ऊन कसं असतंय हे कोण विचारत नाही, आणि तिथं पोचल्यावर पहिले दोन महिने तेवढंच कळतंय. फॉल सेमिस्टर ऑगस्टमध्ये सुरू होतंय, म्हणजे तुम्ही नेमके भट्टीत उतरता. २०२३ ला फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्या हिशोबानं ४३ च्या वर. रात्रीसुद्धा ३२ च्या खाली येत नाही असे दिवस येतात. आपण साडेसातशे मीटर उंचीवरची माणसं, घरी पंख्यावर निभतंय, त्यामुळं अंदाजच येत नाही.

म्हणून मी म्हणतो की घर बघताना भाडं शेवटी विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "रूम अ‍ॅव्हेलेबल, ओन्ली सो मच डॉलर" असं येतंय, पोरं लगेच होय म्हणतात, आणि मग कळतंय की बस स्टॉप वीस मिनिटं चालत आणि वाटेत एक झाड नाही. ऑगस्टमध्ये दुपारी दोनला वीस मिनिटं चालणं म्हणजे काय ते लिहून कळणार नाही. मॅपवर बघा, लाइट रेलचं (मेट्रोसारख्या शहरी गाडीचं) स्टेशन किंवा ऑर्बिट बसचा स्टॉप किती लांब आहे. ऑर्बिट या टेम्पे शहराच्या छोट्या बसेस, गल्लीबोळातनं फिरतात आणि एकदम फुकट. या बसच्या रूटवर घर मिळालं तर भाडं थोडं जास्त असलं तरी घ्या.

दुसरं, खोली कुठल्या मजल्यावर आणि खिडकी कुठल्या दिशेला? वरचा मजला आणि पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळी भिंत हाताला गरम लागतेय आणि एसी रात्रभर थांबत नाही. लाइट बिल भाड्यात आहे का वेगळं, हे स्पष्ट विचारा. वेगळं असेल तर आधी राहणाऱ्याचं जुलै-ऑगस्टचं बिल मागा, जानेवारीचं दाखवून गंडवतात. एसी ७८ फॅरनहाइटवर (आपले साधारण २५-२६) ठेवायचं आधीच रूममेट्समध्ये ठरवून घ्या, नाहीतर एकजण ६८ वर ठेवून ब्लँकेट घेऊन झोपतोय आणि बिल चौघांत वाटून. एसी बंद पडला तर घरमालकाला मेलवर लेखी कळवा, फोनवर बोलून सोडू नका. घरात एसी बसवलेला असेल तर तो चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी तिथल्या कायद्यानं मालकाची आहे. आणि लीज जॉइंट आहे का प्रत्येकाचं वेगळं हे वाचा. जॉइंटमध्ये एकजण पळाला तर त्याचंही भाडं बाकीच्यांच्या गळ्यात. घर न बघता, ओळख नसलेल्याला डिपॉझिट पाठवायचं तर विसराच.

आपल्याकडं जुलैत पावसाची सर बघून माणूस घराबाहेर पडतोय ना, तसं तिथं ऊन बघून पडायचं. भाजीपाला, कपडे धुणं सगळं सकाळी आठच्या आत नाहीतर दिवस मावळल्यावर. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर थांबतच नाही, त्यामुळं आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, आणि पाणी कमी पडतंय. तहान लागायची वाट बघू नका. ओआरएसची पाकिटं इथनंच घेऊन जा. नाकातनं थोडं रक्त आलं, ओठ फुटले तर घाबरायचं नाही, व्हॅसलीन लावा. पण डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सावलीत न्या, अंगावर पाणी टाका आणि ९११ ला फोन करा, उगाच झोपवून ठेवू नका. छत्री न्या, कोण हसलं तर हसूदे.

पाऊस? वर्षाचा मिळून अठरा-वीस सेंटीमीटर. आपल्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला जुलैत एका आठवड्यात याहून जास्त पडतोय. पण १५ जून ते ३० सप्टेंबर त्याला मान्सूनच म्हणतात आणि त्यात धुळीची भिंत उठून येतेय, तिला हबूब म्हणतात. गाडीत असाल तर रस्त्यावरनं पूर्ण बाजूला घ्या, लाइट बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. लाइट चालू ठेवले तर मागचा तुमच्या टेललाइटवर भरवसा ठेवून येऊन धडकतोय. त्याच धुळीतनं व्हॅली फिव्हर होतोय, मातीतल्या बुरशीचा आजार, माणसाकडनं माणसाला लागत नाही. खोकला, ताप, थकवा आठवडे गेले तरी जात नसेल तर डॉक्टरला स्वतःहून सांगा की व्हॅली फिव्हरची टेस्ट करा.

आता कागदपत्रं, आपल्या भागाची खरी डोकेदुखी हीच. इन्कम सर्टिफिकेट कन्नडमध्ये, आरटीसी म्हणजे शेतजमिनीचा उतारा कन्नडमध्ये, गावातल्या घराचा ई-स्वत्तू कन्नडमध्ये. लोन देणाऱ्या बँकेची दुसऱ्या शहरातली शाखा किंवा एजंट इंग्रजी मागतोय, तेव्हा भाषांतर आणि नोटरी आधीच करून ठेवा, ऐन वेळी कोर्टासमोर रांगेत उभं राहण्यापेक्षा. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, एनए (बिगरशेती) प्लॉट नाहीतर घर लागतंय, हे वडिलांना लवकर सांगा. एसएसएलसी म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव स्पेलिंगसकट एक आहे का बघा, आडनाव पुढं-मागं झालेलं असतंय. व्हीटीयूची (बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची) पोरं असाल तर ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज लवकर टाका, ऑफिस गावात आहे म्हणून उद्या-परवा करत बसू नका.

सामान. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, मुंबई किंवा बंगळूरचं वेगळं तिकीट काढलं तर १५ किलोच फुकट, आणि पुढं अमेरिकेच्या फ्लाइटला बहुतेक दोन बॅगा २३-२३ किलोच्या. म्हणजे इथंच जादा पैसे बसतात. एकाच तिकिटावर बुक करा नाहीतर रात्रीची बस धरा. ओला कढीपत्ता, ताजी फळं, मटणाचं लोणचं नेऊ नका, आणि खाण्याचं जे काय असेल ते विमानतळावर डिक्लेअर करा. संकेश्वरी मिरचीचं घरचं तिखट मात्र न्याच, ते तिथं मिळत नाही. फोडणी देताना एग्झॉस्ट लावा, नाहीतर स्मोक अलार्म वाजतोय आणि अख्खी बिल्डिंग खाली.

रूममेट्स तेलुगू असतील, हुबळीचे असतील, पुण्याचे असतील. आपल्याला मराठी-कन्नड दोन्ही येतंय, याचा तिथं भरपूर उपयोग होतोय. सीमाप्रश्न कोण काढत नाही, आज भांडी कोण घासणार हा प्रश्न मात्र रोज पेटतोय.

कामाचं एकच सांगतो, सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, त्याबाहेर कुणी हॉटेलात रोख पैशावर बोलावलं तरी जाऊ नका, व्हिसा जातोय. घर बदललं तर १० दिवसांत विद्यापीठाच्या रेकॉर्डवर पत्ता बदलायचा.

घरी फोनची वेळ सोपी आहे. तिथं रात्रीचे साडेआठ म्हणजे आईकडं दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ, बारा महिने हेच, कारण अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढं-मागं करत नाहीत. पण न्यूयॉर्कच्या कंपनीचा इंटरव्ह्यू असला तर जपून, ते उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या तीन तास पुढं आणि थंडीत दोनच तास, तेवढं बघून अलार्म लावा.