मिरीच्या पाण्यातले जीव कसे पाहावेत

आगरात पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला असेल, तर सूक्ष्मजीवशास्त्राचा एक अगदी जुना प्रयोग पडवीत बसून करता येतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक याला मिरी जिभेला का झोंबते ते शोधायचं होतं. मिरी पाण्यात भिजत घालून त्यानं ती तीन आठवडे ठेवली. २४ एप्रिल १६७६ रोजी त्या पाण्यात वळवळणारे असंख्य जीव दिसले. त्यांतले सर्वांत बारीक ते जिवाणू. लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींचा विश्वासच बसेना. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानं मिरी भिजवून ते जीव तिथे दाखवले.

दहा ग्रॅम सुकी, अख्खी मिरी पेल्यात घ्या आणि वर कपभर विहिरीचं पाणी ओता. नळाचं नको, क्लोरीननं जीव मरतात. शेजारी नुसत्या विहिरीच्या पाण्याचा पेला ठेवा, फरक कळायला तो हवाच. दोन्हींवर फडकं बांधून सावलीत ठेवा. आपल्या दमट उबेत तीन-चार दिवसांत मिरीचं पाणी गढुळतं, वर पातळ साय धरते.

पेला हलवू नका. मी पहिल्यांदा ढवळून थेंब घेतला आणि मिरीच्या कचऱ्याशिवाय काहीच दिसलं नाही. ड्रॉपरनं सायीच्या लगतचा थेंब उचला, काचपट्टीवर ठेवा, वर आच्छादन काच तिरकी टेकवून हळूच सोडा, म्हणजे बुडबुडा अडकत नाही. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात आधी १० पटींचं भिंग लावा, मग ४० पटींचं. प्रकाश कमी करा. जिवाणू पारदर्शक असतात, भगभगीत उजेडात ते हरवतात.

आता नीट बघा. सगळेच ठिपके थरथरतील, पण जागच्या जागी थरथरणारा ठिपका निर्जीवही असू शकतो. पाण्याचे रेणू त्याला धक्के देत असतात. जो सरळ सुटतो, थबकतो, दिशा बदलतो, तो जिवंत. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत घाई करू नका. दुसऱ्या पेल्याचा थेंबही असाच तपासा. तिथे गर्दी फारच कमी असते, कारण खायला मिरी नाही.

हे पाणी चाखू नका, हात साबणानं धुवा, आणि काम संपल्यावर उकळूनच ओता. पण आठवडाभर तरी ठेवाच. तोवर बहुधा मोठे, केसाळ कडांचे एकपेशीय जीव गरगरू लागतात. एखादा थबकला की त्याच्या पोटातले गोल कप्पे दिसतात. त्यांत असतात त्यानं गिळलेले जिवाणू.