तोंडी सगळं येतं पण पेपरात काहीच नाही, अशा मुलासाठी काय काय करता येतं

"अहो घरी सगळं धडाधड सांगतो, पेपरात मात्र कोरं ठेवून येतो." हे वाक्य ज्यांच्या घरात आहे त्यांच्यासाठी लिहितेय. अशा मुलाला आळशी, चंचल, लक्षच देत नाही असं म्हणून सगळे मोकळे होतात, पण त्यातली काही मुलं अशी असतात की बुद्धी चांगली तल्लख आणि सोबत डिसलेक्सिया किंवा डिसग्राफिया, म्हणजे वाचण्याची किंवा लिहिण्याची अडचण. हुशारीच्या जोरावर मूल अडचण झाकतं आणि अडचणीमुळे हुशारी दिसत नाही, मार्क कुठेतरी मधेच येत राहतात त्यामुळे शाळेलाही काही वेगळं वाटत नाही, आणि मग तिसरी चौथीत धडे मोठे झाले की सगळं एकदम कोसळतं.

आधी नीट बघा. मूल धडा वाचतंय की पाठ म्हणतंय हे कळायला सोपी गोष्ट करा, पानाच्या मधल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा आणि तिथला एकच शब्द वाचायला सांगा. पाठ असेल तर मूल ओळीच्या सुरुवातीला जाऊन पुटपुटत तिथपर्यंत येतं. वहीत भ-म, घ-ध अदलाबदल होतेय का, जोडाक्षर आलं की एक अक्षर गळतंय का, वेलांटी मात्रा जागेवर आहेत का ते पाहा. आकड्यांचं तर मराठीत वेगळंच, पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतो म्हणून लहानपणी बरीच मुलं 52 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस पाच अशी पद्धत पण आणली तेव्हा केवढा वाद झाला, पण ज्याचे आकडे लिहिताना उलटे होतात त्याच्यासाठी असं फोडून म्हणणं खरंच कामाचं आहे, घरी जरूर करा. एखाददुसरी चूक सगळेच करतात, वय वाढलं तरी तीच चूक रोज दिसत असेल तर मात्र पुढे जा.

पुढे म्हणजे पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या, ते बरेच जण विसरतात. मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडून तपासणी. मराठी माध्यमाचं मूल असेल तर चाचणी मराठीतून आहे ना हे आधीच विचारा. आणि रिपोर्ट हातात आला की नुसता बुद्ध्यांकाचा एकूण आकडा बघून फाईल बंद करू नका. आतले वेगवेगळे भाग बघा, शब्दांचं, आकृत्यांचं, स्मरणशक्तीचं, कुठे खूप वर आणि कुठे खूप खाली आहे ते समजावून सांगायला सांगा, कारण अशा मुलात सरासरी काढली की दोन्ही टोकं गायब होतात.

आता घरचं काम. रोज थोडा वेळ, पण रोज. अक्षर ताटात रवा पसरून बोटाने काढायचं, तोंडाने आवाज म्हणायचा, मग वहीत. गणिताला चौकटीची वही घ्या म्हणजे एकक दशक एकाखाली एक राहतं. इतिहास भूगोल परिसर अभ्यास तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तरं तोंडी घ्या, त्याला आवडत असेल तर मोबाईलवर बोलून टाईप करू द्या, त्यात कॉपी वगैरे काही नाही, विचार त्याचेच असतात. वाचता येत नाही म्हणून त्याच्या वयाच्या गोष्टी त्याच्यापासून लांब ठेवू नका.

आणि कृपा करून बुद्धिबळ, चित्रकला, मोटार उघडून जोडणं, जे काही त्याला येतं ते बंद करून त्या जागी अजून एक क्लास लावू नका!! दिवसभर शाळेत न जमणाऱ्याच गोष्टी समोर येतात, एक तरी तास जमणारी गोष्ट हवी. त्यातही नुसतं छान छान नको, अवघड काम द्या, हुशार मुलाला त्याच प्रकारची अजून दहा गणितं दिली तर ते कंटाळतं, त्यापेक्षा एकच डोकं लावायला लागेल असं द्या. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करतेय, म्हणजे हुशार मुलाला पण वेगळी गरज असते हा विचार आपल्याकडे काही नवा नाही, फक्त लिहिता न येणारं मूल पण त्या यादीत बसू शकतं हे डोक्यात यायला वेळ लागतो.

शाळेशी बोलताना भांडायला जाऊ नका, पण लेखी द्या. मुख्याध्यापकांना रिपोर्टची कॉपी आणि मोजक्या मागण्या: पुढच्या बाकावर जागा, वर्गासमोर अचानक मोठ्याने वाचायला लावू नये, फळ्याचा फोटो मिळावा, शुद्धलेखनाचे मार्क वेगळे आणि उत्तराचे वेगळे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता, म्हणजे डिसलेक्सिया, डिसग्राफिया वगैरे, आहे, 1995 च्या कायद्यातल्या सातात ती नव्हती, त्यामुळे 'आमच्याकडे असं काही नसतं' हे उत्तर ऐकून घरी यायचं कारण नाही.

दहावीला तासामागे 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक अशा सवलती बोर्ड देतं, पण त्याला प्रमाणपत्र सरकारमान्य हॉस्पिटलचंच लागतं, मुंबईत सायन, नायर, केईएमला हे काम होतं. तिथे नंबर लागायला वेळ जातो म्हणून आठवीतच सुरुवात करा, आणि जुन्या वह्या रद्दीत टाकू नका, तपासणीच्या वेळी त्या बरोबर न्या.