मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, आणि फ्लाइटला खरंच किती तास लागतात हे कसं काढायचं

तिकिटावरच्या दोन वेळा सरळ वजा करून "सहाच तासांत पोचतात हो" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक फॅमिली ग्रुपवर असतो. त्याचं ऐकू नका.

आधी अंतर. दोन्ही एअरपोर्टची नावं टाकून ऑनलाइन बघा, साधारण १२,५५० किमी येतं, झालं. फक्त भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका. पट्टीची रेघ सौदी, इजिप्त करत जाते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता वर कझाकस्तान, रशिया, आइसलंड असा पार ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो. पटत नसेल तर मुलांचा पृथ्वीगोल घेऊन त्यावर दोरा ताणा. विमान अगदी या रेघेवरून जात नाहीच, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर आपल्या कंपन्यांच्या विमानांना चांगलाच वळसा पडला.

मग अंदाज: किलोमीटरला ८५० ने, म्हणजे विमानाच्या साधारण ताशी वेगाने भागा, वर चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास धरा. सव्वापंधरा तास.

आता तिकीट. घोळ सगळा इथे होतो. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची आणि पोचायची न्यूयॉर्कची असते, म्हणजे दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करून काहीही हाती लागत नाही. समजा जानेवारीत रात्री १:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोचायचंय. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून ७:३० मध्ये १०:३० मिळवा, आपल्याकडे संध्याकाळचे ६ वाजले. आता वजा करा, साडेसोळा तास. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत कागदावर लिहायच्या, तोंडी हिशोब करायचाच नाही, कारण मिळवायचे की वजा करायचे यात भलेभले गडबडतात.

आणि उन्हाळा! मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊच. त्यामुळे "अमेरिका म्हणजे साडेदहा" असं पाठ करून ठेवलेल्यांचा निम्म्याहून जास्त वर्ष एक तास चुकतो.

येताना जानेवारीत दुपारी १ ला निघालात, दुसऱ्या दिवशी दुपारी २ ला मुंबईत. पंचवीस तास वाटतात ना? १ म्हणजे आपले रात्रीचे ११:३०, तिथून साडेचौदा तास. दोन तास कमी, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि येताना विमानाला मागून ढकलतात, हिवाळ्यात तर जास्तच.

दुबईवरून जाणार असाल तर अंतर जेमतेम ४०० किमी वाढतं, पण मधला थांबा धरायला विसरू नका, तो तासन्‌तास असू शकतो.

घ्यायला येणाऱ्याला मात्र तिथलीच वेळ कळवा, तारखेसकट, आणि इमिग्रेशन व बॅगांसाठी वर दीड तास तरी धरायला सांगा.